वर्साचं इंजिन, पद्मिनीचं अंग

मंडपवाल्या कोहाडांकडून आणलेल्या
तीन पायपांची तिकाटी,
मधोमध साखळी-पुली, आणि साखळीला लटकलेलं
भंगारातल्या वर्साचं इंजिन.
मोमिनपुऱ्यातले शफीकभाई म्हणाले होते,
"किलो का भाव नहीं, बहनजी का भाव लगाया."

माय खाली बसून त्याच्याकडे बघत होती
बाजारात भेदरं बघते तशी,
दाबून, वास घेऊन.
"डोकं चांगलं आहे याचं. गॅस्केट तेवढं गेलं."

एकोणतीस वर्षं हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात
तिनं बशी उघडल्या आणि मिटल्या.
पहिली चार वर्षं नुसता झाडू आणि चिंध्या.
मग एक दिवस फिटर आला नाही
आणि पाना तिच्या हातात राहिला, तो राहिलाच.
डावा कान ती तिथंच ठेवून आली.
पेन्शनीच्या कागदात त्याची नोंद नाही.

पद्मिनी मी उमरेडहून आणली, दोर बांधून.
डिकीत कोंबडीची चार अंडी निघाली.
"हिला काऊन आणली?"
मी सांगितलं, आत मोठं इंजिन बसवू.
मला वाटलं हसेल.
तिनं पदर खोचला आणि टेप मागितला.

अडीच इंच.
अडीच इंचांपायी सगळा चैत्र गेला.
संप क्रॉसमेंबरला टेकत होता.
मी म्हणत होते, क्रॉसमेंबर कापू.
"हाडं नाही कापत पोरी. पोट कापू."
पोट कापलं, वेल्ड मारलं,
रात्रभर पाणी भरून विटांवर ठेवलं.
सकाळी फरशीवर एक ओला रुपया.
पुन्हा कापलं.
मी म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं.
मग तीन दिवस आमच्यात फक्त आकडे:
बारा.
चौदा.
चौदा नाही, रिंगवाला चौदा.

मे लागला. दुपारी उन्हात विसरलेला पाना
फडक्याशिवाय उचलता येईना.
आम्ही रात्री काम करू लागलो,
तारेवर बल्ब, बल्बाभोवती किडे,
शेजारच्या कूलरची घरघर,
जी तिला ऐकू येत नव्हती आणि मला झोपू देत नव्हती.
"बाहेर सेहेचाळीस," ती म्हणाली,
"सीताबर्डीच्या सिग्नलवर उभी राहील तं शिजून जाईल बिचारी."
रेडिएटर दुप्पट लावला. पंखे दोन.
गाडीला दोन पंखे, घरात एक.

लेथवाल्या परात्यानं शाफ्ट कापून दिला,
जबाबदारी मात्र नाही घेतली.
मायनं शाफ्ट फिरवत फिरवत
त्याच्या अंगाला अंगठ्याचं नख लावलं.
"केसभर लचक आहे. चालते.
मलाही आहे."

पहिली चावी फिरवली तेव्हा
मी ओरडले, गल्ली जागी झाली,
आणि ती तशीच उभी, तोंड माझ्याकडे,
झालं का, असं विचारत.
मग तिनं लांब पेचकस घेतला,
टोक इंजिनावर, लाकडी मूठ गालाच्या हाडावर,
डोळे मिटले.
एवढा वेळ मिटलेले मी कधी पाहिले नव्हते,
देवापुढेही नाही.
"तिसऱ्यात खटखट आहे," ती म्हणाली. "टॅपेट."

आरटीओत फाइल गेली आहे.
फाइल तिथं आहे. बस, एवढंच.

तोवर रात्री एक वाजता काटोल रोड,
खिडक्या खाली, हवा अजून गरम,
कुठून तरी जळत्या पाचोळ्याचा वास.
तिचा तळवा डॅशबोर्डवर, ऐकत.
"टाक चौथ्यात. आता मागून राहिली ते."
टाकला. गाडीनं आम्हा दोघींना
पाठीमागे, सीटमध्ये ढकललं,
आणि माझी माय, जिनं जन्मभर
दुसऱ्यांच्या गाड्या जागेवर उभ्या असताना दुरुस्त केल्या,
मोठ्यानं, वेडंवाकडं हसली.

"कितीनं चालून राहिली?"
मी बघितलं. वर्साची केबल
पद्मिनीच्या मीटरला बसत नाही, ते काम राहिलंच होतं.
शून्य, मी म्हणाले. मग तिच्या उजव्या कानाशी, जोरात:
शून्य!

ती वाकली, काट्यावर नखानं टिचकी मारली.
"बरं झालं," म्हणाली.
"मंग घरीच आहो आपण. चालव."